दुर्बिणीचा ध्रुवण फिल्टर : जोडीने आणि एकेकटा

दुर्बिणीच्या उपसाधनांमध्ये ‘व्हेरिएबल पोलरायझर’, म्हणजे प्रकाश कमी-जास्त करता येणारा दुहेरी ध्रुवण फिल्टर, बहुतेक ठिकाणी ‘मून फिल्टर’ म्हणूनच विकला जातो आणि चंद्राचे बारकावे त्यातून अधिक उठून दिसतील असे आश्वासन त्याच्या वेष्टनावर छापलेले असते. इंदूरमध्ये घराच्या गच्चीवर आठ इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) आणि ८० मिलिमीटर व्यासाची भिंगाची दुर्बीण अशा दोन्ही साधनांवर मी हा सव्वा इंची फिल्टर पौर्णिमेच्या रात्रीपासून भर दुपारच्या अष्टमीच्या चंद्रापर्यंत वापरत आलो आहे. माझे स्पष्ट मत असे झाले आहे की ही वस्तू घेण्याजोगी आहे, परंतु ज्या कामासाठी ती विकली जाते ते तिचे सर्वोत्तम काम नाही. तिच्या दोन कड्या एकमेकींपासून सोडवल्या की त्यांतली एकटी कडी जे दाखवते ते जोडीला कधीच दाखवता येत नाही. एकाच घडणीचे हे फिल्टर निरनिराळ्या नाममुद्रांखाली मिळत असल्याने येथे विशिष्ट कंपनीपेक्षा या प्रकाराचाच विचार केला आहे.

रचना अगदी साधी आहे. धातूच्या दोन चपट्या कड्या असतात आणि प्रत्येक कडीत काचेच्या चकत्यांमध्ये ध्रुवक पटल चिकटवून बसवलेले असते. एक कडी आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगनळीच्या, तळाशी असलेल्या आट्यांत घट्ट बसते. हे आटे २८.५ मिलिमीटर व्यासाचे असतात आणि जवळजवळ सर्व सव्वा इंची आयपीसना सारखेच असल्याने एकाचा फिल्टर दुसऱ्याला बसत नाही अशी अडचण सहसा येत नाही. दुसरी कडी पहिलीवर मोकळी फिरते आणि तिच्या फिरण्यावरच सारे अवलंबून असते.

प्रकाशलहरींची कंपने प्रवासाच्या दिशेला काटकोनात असतात आणि साध्या प्रकाशात ती सर्व बाजूंना सारखीच विखुरलेली असतात. ध्रुवक पटल त्यांपैकी एकाच दिशेची कंपने पुढे सोडते, त्यामुळे पहिल्याच कडीत निम्मा प्रकाश अडतो, आणि दुसऱ्या कडीतून किती प्रकाश जाईल ते दोन्ही पटलांच्या अक्षांमधील, म्हणजे ती ज्या दिशेची कंपने सोडतात त्या दिशांमधील, कोनावर ठरते. एत्येन-लुई माल्यूस या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८०९ मध्ये मांडलेला नियम सांगतो की हे प्रमाण त्या कोनाच्या कोसाइनच्या वर्गाइतके असते. याचा व्यवहारातला अर्थ वापरणाऱ्याने नीट समजून घ्यावा, कारण कडी फिरवताना हाताला जे जाणवते त्याचे कारण येथेच आहे. दोन्ही अक्ष एकाच दिशेला असताना जेवढा प्रकाश येतो त्याच्या निम्मा ४५ अंशांवर, पाव ६० अंशांवर, सुमारे तीन टक्के ८० अंशांवर आणि एक टक्क्याहूनही कमी ८५ अंशांवर मिळतो. सुरुवातीच्या वीस-पंचवीस अंशांत काहीच घडत नाही असे वाटते आणि शेवटच्या दहा अंशांत चंद्र एकदम विझल्यासारखा होतो. नवख्या माणसाला फिल्टर बिघडला असे वाटावे अशी ही वागणूक आहे, पण ती पूर्णपणे नियमाला धरून आहे.

वेष्टनांवर ‘१ ते ४० टक्के’ असा पल्ला लिहिलेला आढळतो आणि तो वस्तुस्थितीला धरून आहे. पटले आदर्श असती तरी पूर्ण उघड्या स्थितीत ५० टक्क्यांपेक्षा अधिक प्रकाश मिळालाच नसता. म्हणजेच हा फिल्टर लावला की निम्म्याहून अधिक प्रकाश गेलाच असे समजून चालावे. ‘जरासा मंद’ अशी स्थिती त्याच्याकडे नाही.

आता चंद्राकडे वळतो. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून पाहिल्याने डोळ्यांना इजा होते ही समजूत आपल्याकडे बरीच रूढ आहे आणि काही विक्रेते तिचा उपयोगही करून घेतात. ही भीती निराधार आहे. दुर्बीण चंद्राचा एकूण प्रकाश अधिक गोळा करते, पण त्याच वेळी प्रतिमा मोठी करून तो प्रकाश पसरवतेही. त्यामुळे चंद्राच्या पृष्ठभागाची दर एकक क्षेत्राची उजळता नुसत्या डोळ्यांना दिसते त्याहून कधीही वाढत नाही. दिपल्यासारखे होते ते अंधाराला सरावलेल्या डोळ्यासमोर उन्हात पडलेल्या खडकांचे मोठे दृश्य अचानक आल्यामुळे. हा त्रास सोयीचा प्रश्न आहे, सुरक्षिततेचा नाही, आणि फिल्टरची गरजही त्याच मापाने मोजली पाहिजे.

सोयीचा असला तरी प्रश्न इंदूरमध्ये खरा आहे. पौर्णिमेचा चंद्र अष्टमीच्या अर्ध्या चंद्राच्या दुप्पट नव्हे तर सुमारे दहापट उजळ असतो, कारण सूर्यप्रकाश आपल्या पाठीमागून चंद्रावर थेट पडत असल्याने तिथल्या सावल्या आपल्या नजरेआड होतात आणि चंद्रावरची धूळ प्रकाश आल्या दिशेलाच अधिक परतवते. त्यात आपले शहर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला, २२.७ अक्षांशाच्या आसपास आहे. मार्गशीर्ष-पौषातली पौर्णिमा सूर्याच्या नेमकी समोरच्या बाजूला, म्हणजे आकाशात उत्तरेकडे असल्याने तो चंद्र मध्यरात्री आपल्या माथ्याच्या पाच-सहा अंशांच्या आत येतो. वातावरणाचा सर्वांत पातळ थर, माळव्यातल्या थंडीतली कोरडी हवा आणि आठ इंची आरसा ही तिन्ही एकत्र आली की २५ मिलिमीटरच्या आयपीसमधून दिसणारा पूर्ण चंद्र सलग पाहवत नाही. डोळा बाजूला केला तर बराच वेळ गच्चीचा कठडाही दिसत नाही. अशा रात्री फिल्टर साधारण ६० ते ७० अंशांवर ठेवला की दृश्य शांत होते, टायको विवरापासून निघालेले तेजस्वी पट्टे दूरवर जाताना सहज अनुसरता येतात आणि शांततेच्या सागराचा निळसर राखी तळ शेजारच्या प्रसन्नतेच्या सागरापेक्षा गडद आहे हे डोळ्याला निवांत कळते. अरिस्टार्कसचे झगझगीत विवर तर फिल्टरशिवाय नुसता पांढरा डाग वाटते, फिल्टरने त्याला आकार येतो.

मात्र यात कोणताही नवा तपशील निर्माण होत नाही. फिल्टर प्रतिमेची विभेदनक्षमता वाढवत नाही, वाढवू शकतही नाही. तो फक्त डोळ्याला उपलब्ध तपशील आरामात पाहू देतो. आणि हेच काम विनामूल्य करणारा मार्ग प्रत्येकाकडे असतो : वर्धन वाढवणे. माझी दुर्बीण १२०० मिलिमीटर नाभीय अंतराची आहे. २५ मिलिमीटरच्या आयपीसने ४८ पट आणि १० मिलिमीटरच्या आयपीसने १२० पट वर्धन मिळते. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना पृष्ठभागाची उजळता सुमारे सहाव्या हिश्श्यावर येते, म्हणजे फिल्टर लावून तो ५० अंशांच्या आसपास फिरवल्याइतकी, आणि बदल्यात बारकावेही वाढतात. म्हणून माझा सल्ला असा आहे की विवरे आणि पर्वतरांगा पाहायच्या असतील तर आधी आयपीस बदलावा. फिल्टरची जागा तिथे आहे जिथे संपूर्ण चंद्र एका दृष्टिक्षेत्रात ठेवायचा असतो, कारण १२० पटीला तो सर्वसाधारण आयपीसच्या क्षेत्रात मावत नाही.

सप्तमी ते दशमीच्या चंद्रावर, जिथे प्रकाश आणि छायेची सीमा विवरांवरून जात असते, तिथे मी जोडी मुळीच लावत नाही. त्या सीमेवरचे अतिमंद उतार, सागरांच्या तळावरच्या सुरकुत्यांसारख्या कडा आणि शिखरांची नुकती उजळू लागलेली टोके यांना प्रत्येक प्रकाशकण हवा असतो, आणि निम्मा प्रकाश गमावून तिथे काहीच मिळत नाही.

जोडीचा सर्वांत मोठा गुण मला कोजागिरीला जाणवतो. आमच्या भागातल्या मराठी घरांत त्या रात्री आटीव दुधाबरोबर दुर्बीणही गच्चीवर येते आणि रांगेत पाच वर्षांच्या मुलापासून मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या आजीपर्यंत सगळे असतात. कोणाला चंद्र उजळ हवा असतो, कोणाचा डोळा क्षणात पाणावतो. ठरावीक घनतेचा करडा फिल्टर, उदाहरणार्थ बाजारात सर्रास मिळणारा १३ टक्के प्रकाश सोडणारा, एकालाच सोयीचा ठरतो. येथे मात्र कडी थोडी फिरवून प्रत्येकाच्या डोळ्याला जुळवून देता येते. संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहणाऱ्या घरांतही असाच अनुभव येतो, फक्त तेव्हा चंद्र क्षितिजाजवळ असल्याने फिल्टर पूर्ण उघडा ठेवावा किंवा काढून टाकावा. त्या रात्री चंद्राच्या कडेजवळच्या संकटांच्या सागरावर सूर्यास्ताची वेळ आलेली असते आणि मंद प्रकाशातच तो देखणा दिसतो.

पण नेमक्या याच वापरात जोडीचा मोठा दोषही समोर येतो. फिल्टर आयपीसच्या तळाशी आणि आयपीस फोकसरच्या (प्रतिमा स्पष्ट करण्यासाठी पुढे-मागे सरकणाऱ्या) नळीत, म्हणजे फिरवायची कडी हाताला लागतच नाही. दर वेळी आयपीस बाहेर काढायचा, कडी अंदाजाने फिरवायची, पुन्हा बसवायचा आणि फोकस तपासायचा. माल्यूसच्या नियमामुळे शेवटच्या अंशांत उजळता झपाट्याने बदलत असल्याने अंदाज पहिल्या वेळी क्वचितच जुळतो. बाजूने चाक फिरवता येईल अशी रचना असलेले फिल्टरही असतात, पण ते आकाराने मोठे आणि महाग असतात.

यावर उपाय दोन्ही कड्या वेगळ्या करण्याचा. भिंगाच्या दुर्बिणीत प्रकाश वळवून आयपीसकडे नेणारा डायगोनल असतो; एक कडी त्याच्या दुर्बिणीकडच्या तोंडाला लावावी आणि दुसरी आयपीसला. मग आयपीस डायगोनलमध्ये नुसता गोल फिरवला की डोळा न हलवता उजळता बदलते. डॉब्सोनियनमध्ये डायगोनल नसतो, तिथे एक कडी (वर्धन वाढवणाऱ्या) बार्लो भिंगाच्या तळाशी आणि दुसरी आयपीसला लावून तोच परिणाम मिळतो. हे करून पाहिल्यावर मला जोडी एकत्र वापरण्याचे कारणच उरले नाही. एक बारकावा मात्र सांगितला पाहिजे. डायगोनलचा आरसा किंवा लोलक ध्रुवित प्रकाशाचे स्वरूप बदलतो. पहिल्या कडीचा अक्ष परावर्तनाच्या प्रतलाला तिरका असेल तर सरळ रेषेत कंपन पावणारा प्रकाश लंबवर्तुळी होऊन बाहेर पडतो आणि आयपीस कसाही फिरवला तरी पूर्ण काळोख होत नाही. बहुथरी परावर्तक लेप असलेल्या आरशांत हा परिणाम चांगलाच जाणवतो. पहिल्या कडीचा अक्ष डायगोनलच्या प्रतलाला समांतर किंवा काटकोनात आला की अडचण मिटते, आणि तो कोन दोन-तीन वेळा कडी सैल करून सहज सापडतो. विकत घेण्यापूर्वी कड्या खरोखर सुट्या होतात का हे विचारून घ्यावे, कारण काही नमुन्यांत दोन्ही कायमच्या जोडलेल्या असतात, आणि तसा फिल्टर मी कोणालाही सुचवणार नाही.

आता ज्या वापरासाठी मी हे परीक्षण लिहायला घेतले त्याकडे येतो. दिवसा दिसणारा चंद्र.

आकाशाचा निळा रंग हवेच्या रेणूंनी विखुरलेल्या सूर्यप्रकाशाचा असतो आणि हा विखुरलेला प्रकाश ध्रुवित असतो. सूर्यापासून ९० अंशांवरच्या पट्ट्यात ध्रुवण सर्वाधिक असते. स्वच्छ हवेत ते सत्तर टक्क्यांच्याही पुढे जाते. अष्टमीचा चंद्र सूर्यापासून नेमका ९० अंशांवर, म्हणजे बरोबर याच पट्ट्यात असतो. त्याचा स्वतःचा प्रकाशही किंचित ध्रुवित असतो, पण अगदी थोडा, साधारण दहा टक्क्यांच्या आतबाहेर. परिणामी एकच कडी आयपीसला लावून आयपीस सावकाश फिरवला की एका स्थितीत आकाश झपाट्याने गडद होते आणि चंद्र जवळजवळ तसाच राहतो. हिशेब करून पाहिला तर सत्तर टक्के ध्रुवित आकाशाचा पंधरा टक्के प्रकाश उरतो आणि चंद्राचा पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे चंद्र आणि आकाश यांतील तफावत तिपटीने वाढते.

डोळ्याला याचा अर्थ फार मोठा आहे. दिवसा चंद्राच्या विवरांतल्या सावल्या काळ्या दिसत नाहीत, निळ्या दिसतात, कारण आपल्या आणि चंद्राच्या मधली उजळ हवा चंद्रबिंबावरही पसरलेली असते. कडी योग्य स्थितीत आली की हा निळा पडदा विरळ होतो, हिपार्कस आणि अल्बाटेग्नियस यांच्या तळांतल्या सावल्या खोल होतात आणि सागरांच्या सीमा रात्रीच्या चंद्रासारख्या रेखीव होतात. डोळा उन्हाला सरावलेला असल्यामुळे दिपण्याचा प्रश्नच येत नाही. रात्री गच्चीवर येणे शक्य नसलेल्या वृद्धांना आणि लवकर झोपणाऱ्या मुलांना चंद्र दाखवण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही, आणि ‘दुर्बीण म्हणजे रात्रीचे काम’ ही समजूत यामुळे मोडते याचा मला मनापासून आनंद वाटतो.

जोडी येथे निरुपयोगी आहे हे लक्षात घ्यावे. दोन्ही कड्या एकत्र असताना आकाशाकडच्या कडीचा अक्ष आयपीस फिरवून जुळवता येतो खरा, पण दुसरी कडी चंद्राचा प्रकाशही विनाकारण खाते.

वेळ निवडताना थोडा विचार करावा लागतो. आश्विनात, नवरात्रातल्या दुर्गाष्टमीच्या सुमारास पावसाने धुतलेली हवा इंदूरवर सर्वांत निर्मळ असते, आकाश गर्द निळे असते आणि ध्रुवण भरपूर मिळते. पण त्या काळातला अष्टमीचा चंद्र दक्षिणेकडे खाली राहतो आणि शेजारच्या इमारती आड येतात. फाल्गुन-चैत्रात उलट असते. रामनवमीच्या आदल्या दुपारचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास जवळजवळ माथ्यावर पोहोचतो, मात्र तोपर्यंत हवेत धूळ भरू लागलेली असते आणि धुळीचे मोठे कण ध्रुवण कमी करतात. मे महिन्यातल्या पांढुरक्या आकाशावर या कडीचा परिणाम फारच क्षीण होतो, आणि तसे झाले म्हणून फिल्टरला दोष देऊ नये. कृष्ण अष्टमीचा चंद्र सकाळी पाहणाऱ्यांना तर रात्रभरात खाली बसलेली धूळ आणि स्थिर हवा यांचा लाभ मिळतो. माझ्या मते सर्वांत सुरेख दृश्ये सकाळचीच.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट या एकट्या कडीने अनुभवता येते. पृष्ठभाग जितका गडद तितके त्यावरून येणाऱ्या प्रकाशाचे ध्रुवण अधिक, हा संबंध रशियन भौतिकशास्त्रज्ञ निकोलाय उमोव्ह यांनी १९०५ मध्ये दाखवला, आणि फ्रान्सच्या बर्नार लिओ यांनी १९२० च्या दशकात चंद्र व ग्रहांच्या ध्रुवणाची काटेकोर मोजमापे घेतली. चंद्रावरचे काळसर सागर त्यामुळे उजळ डोंगराळ भागापेक्षा अधिक ध्रुवित प्रकाश पाठवतात. कडी फिरवताना सागर आणि पठार यांतला फरक अगदी किंचित बदलतो. डोळ्याला हे जेमतेम जाणवते, पण मोबाइलची उजळता बांधून कडीच्या दोन वेगळ्या स्थितींत दोन छायाचित्रे घेतली तर तुलना करता येते, आणि विज्ञान प्रदर्शनासाठी शाळकरी मुलांना याहून सुंदर प्रयोग सुचवणे कठीण आहे.

दिवसाच्या निरीक्षणात सूर्य आकाशात असतो. दुर्बीण नेहमी इमारतीच्या किंवा जिन्याच्या खोलीच्या सावलीत अशी मांडावी की नळी कशीही वळली तरी सूर्य तिच्यात शिरू शकणार नाही, आणि मुले जवळ असताना दुर्बिणीवरचा हात काढू नये.

यालाच जोडून सर्वांत गंभीर इशारा. दोन कड्या काटकोनात फिरवल्या की समोरचे सारे काळे होते, म्हणून त्यातून सूर्य पाहता येईल असे कोणालाही वाटू शकते. असे कधीही करू नये. ध्रुवक पटले दृश्य प्रकाश अडवतात, परंतु डोळ्याला न दिसणाऱ्या जवळच्या अवरक्त प्रकाशात ती जवळजवळ पारदर्शक होतात. सूर्य काळवंडलेला दिसत असतानाच त्याची उष्णता दृष्टिपटल जाळत राहते आणि दृष्टिपटलाला वेदना होत नसल्याने पाहणाऱ्याला काही कळतही नाही. शिवाय आयपीसजवळचा कोणताही फिल्टर एकवटलेल्या उन्हाने तडकू शकतो. २ ऑगस्ट २०२७ चे सूर्यग्रहण भारतातून खंडग्रास दिसणार आहे. तोपर्यंत हा फिल्टर ज्यांच्या हाती असेल त्यांनी हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावे. सूर्यासाठी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर बसणारा, प्रकाश एक लाखांश करणारा खास सौर फिल्टरच हवा. भिंगाच्या दुर्बिणीवर हर्शेल वेज (सूर्याचा बहुतेक प्रकाश बाहेर वळवणारा लोलक) वापरणारे जाणकार त्याच्या मागे, घन करड्या फिल्टरच्या जोडीला एकेरी पोलरायझर लावतात, पण तिथे सूर्याची जवळजवळ सर्व ऊर्जा वेजने आधीच बाहेर टाकलेली असते.

ग्रहांपैकी शुक्राला या फिल्टरचा खरा उपयोग होतो. काळोख्या आकाशात त्याचे तेज इतके असते की कोर हरवून नुसता झगमगाट उरतो, आणि साध्या भिंगाच्या दुर्बिणीत भोवती जांभळी किनारही दिसते. जोडी ७० अंशांच्या आसपास ठेवली की कोर स्वच्छ सुटते. संधिप्रकाशात पाहिला तर फिल्टरशिवायही तेच साधते. गुरूवर लावून मला पट्ट्यांत काही अधिक दिसले नाही, उलट मंद छटा हरवल्या. जोडताऱ्यांसाठीही तो सुचवला जातो, आणि ती अपेक्षा चुकीची आहे : फिल्टर दोन्ही तारे सारख्याच प्रमाणात मंद करतो. व्याधाचा सोबती व्याधापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद आहे. व्याधाची चमक कमी करायला जावे तर सोबती आधीच नाहीसा होतो.

तेजोमेघ आणि दीर्घिका यांच्यासाठी हा फिल्टर घेऊ नये. शहराच्या दिव्यांचा उजेड आकाशात सर्व बाजूंनी विखुरून येतो आणि त्यात एकसंध ध्रुवण राहत नाही, त्यामुळे फिल्टर उजेड जितका कापतो तितकाच तेजोमेघही कापतो. याला एक उदात्त अपवाद आहे तो वृषभेतल्या क्रॅब तेजोमेघाचा. १०५४ मध्ये दिसलेल्या अतिनवताऱ्याचा हा अवशेष चुंबकीय क्षेत्रात वेगाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांमुळे प्रकाशतो, आणि तो प्रकाश ध्रुवित असल्याचे सोव्हिएत खगोलशास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात शोधले. खूप मोठ्या आरशाने, खऱ्या काळोख्या आकाशाखाली, एकटी कडी फिरवताना त्याच्या भागांची उजळता बदलताना पाहणे शक्य असते. इंदूरच्या गच्चीवरून आठ इंची दुर्बिणीने ती आशा धरू नये. तरीही हातातल्या छोट्या कडीमागचे तत्त्व किती दूर पोहोचते हे यावरून कळते. इस्रोने १ जानेवारी २०२४ रोजी सोडलेला एक्सपोसॅट हा उपग्रह क्ष-किरणांचे ध्रुवण मोजण्यासाठीच आहे आणि हाच क्रॅब त्याच्या सुरुवातीच्या लक्ष्यांपैकी एक होता.

घडणीबाबत. एका जोडीत काचेचे अनेक पृष्ठभाग येतात आणि स्वस्त नमुन्यांत त्यांवर परावर्तनरोधक लेप नसतो. त्यामुळे पौर्णिमेच्या चंद्राशेजारी त्याचीच फिकट प्रतिमा तरंगताना दिसते. दृष्टिक्षेत्राच्या मध्यापासून चंद्र थोडा सरकवला की ती वेगळी ओळखता येते. काच पुरेशी समतल नसेल तर १५० पटीच्या पुढे प्रतिमा किंचित मऊ होते, आणि मी वापरलेल्या नमुन्यात हे स्पष्ट जाणवते. कड्या जवळजवळ काटकोनात असताना जांभळट छटाही उमटते, कारण पटले वर्णपटाच्या टोकांना तितकी परिणामकारक नसतात. स्वस्त हिरव्या मून फिल्टरपेक्षा रंग तरी बराच नैसर्गिक राहतो, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. दुर्बिणीच्या मोठ्या झाकणावर छोटे झाकण असते ते उघडून पाहणे हा आणखी एक फुकटचा पर्याय आहे, पण आठ इंचांचे दोन इंच झाल्याने बारकावेही चौपट खालावतात, म्हणून तो मी पाहुण्यांपुरताच ठेवतो. गच्चीवरचा साधा दिवा चालू ठेवून डोळ्याला अंधाराची सवयच होऊ न देणे याहून बरे.

इंदूरच्या कॅमेऱ्याच्या दुकानांत मला दुर्बिणीच्या आट्यांचा फिल्टर मिळाला नाही, तो ऑनलाइनच मागवावा लागला. मात्र ज्यांच्याकडे दोन इंची आयपीस आहेत त्यांनी निराश होऊ नये : त्यांचे आटे ४८ मिलिमीटरचे असतात आणि कॅमेऱ्याचा त्याच मापाचा पोलरायझर त्यांत बसतो. कॅमेऱ्यांसाठी हल्ली वर्तुळी ध्रुवणाचे फिल्टर विकले जातात. दिवसाच्या चंद्रासाठी ते एकटे उत्तम चालतात, पण दोन एकावर एक ठेवून काळोख करता येत नाही.

आपल्याकडच्या पावसाळ्यात काचेवर बुरशी धरते, म्हणून फिल्टर सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डबीत ठेवावा. साफ करताना फुंकणीने धूळ उडवावी, कडेला द्रव लावू नये, कारण तो काचांच्या मधे झिरपून पटलाचा चिकटपणा सोडवतो. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ठेवल्यासही तेच होते.

पार्सल हाती आल्यावर परताव्याची मुदत संपण्यापूर्वी दोन तपासण्या कराव्यात. लॅपटॉपच्या पडद्यावर कोरे पांढरे पान उघडून प्रत्येक कडी त्यापुढे फिरवावी. एलसीडी पडद्याचा प्रकाश ध्रुवित असल्याने अस्सल कडी एका स्थितीत जवळजवळ पूर्ण काळी व्हायला हवी. मग दोन्ही कड्या जोडून चुन्याच्या पांढऱ्या भिंतीकडे पाहावे आणि काळोख कडेपासून मध्यापर्यंत सारखा पसरतो का ते बघावे. एका बाजूला उजळ डाग राहत असेल तर पटल ताणून बसवलेले असते, आणि तो नमुना परत करावा.